अकरा सेकंद

लाइल,
काल रात्री पुन्हा बघितली ती अस्वलाच्या घरची मेजवानी.
चोवीस मिनिटांची आहे फक्त. मला वाटायचं, तासभराची.
ज्यूनिपरने लावून दिली,
रिमोटची सगळी बटणं तिला पाठ, वय वर्षं सहा.
सिंकमध्ये टर्की बर्फ सोडत पडली होती,
खिडकीबाहेर सरोवर दिसत नव्हतं,
नुसता त्याचा आवाज.

आपली कॅसेट आठवते?
आपण दोघं हिबिंगला आजीकडे, तुला कांजिण्या,
म्हणून डॅडने एकट्याने बसून रेकॉर्ड केलेली.
व्हीसीआरपुढे गुडघे टेकून,
खनिजाच्या धक्क्यावर नख गमावलेला तो रुंद अंगठा
बटणावर ठेवून.
जाहिरातींना फुकट जागा द्यायची नाही, म्हणायचे.
तरी एक निसटलीच:
"चार टायर घ्या आणि—"
पुढे काय, कुणालाच कळलं नाही.
बटाट्याचं भांडं पुढे सरकवताना आपण तेच म्हणायचो,
मॉमसुद्धा, तोंडाला नॅपकिन लावून.

आणि ती उडी.
साळिंदर भांडून बाहेर पडलेलं,
बर्फात उभं, काट्यांवर बर्फ,
आणि खट्,
लगेच टेबलाशी, गालात पाय कोंबलेला.
आत आलं कसं?
तू म्हणायचास, धुराड्यातून.
मॉम म्हणायची, कुणीतरी उघडलं असेल की दार.
डॅड पेपरातून मान वर न काढता:
"दार उघडंच असतं. यायचं तो येतो."

नऊ वर्षं झाली.
त्या दुपारी शब्दाने शब्द वाढला,
ग्रेव्हीवर साय धरली,
आणि तू कोट न घेता निघालास.
कोट अजून आहे. मी तो एकदा धुतला, का ते विचारू नकोस.
डॅडच्या वेळी तू चर्चच्या पार्किंगमध्ये होतास,
इंजिन चालू.
मी बघितलं होतं.

तर, कालची प्रत नवी, स्वच्छ.
आपलं बर्फ हिरवट होतं, हे निळं निघालं.
टायर नाहीत.
आणि जिथे खट् व्हायचं
तिथे अकरा सेकंद आहेत, लाइल.
मी मोजले.

अस्वल उठतं.
मांडीवरचा नॅपकिन पडतो, उचलत नाही.
घड्याळाकडे बघून कुरकुरतं,
झोपायची वेळ टळून गेली माझी.
मग दार उघडतं.
साळिंदर माफी मागत नाही,
अस्वलही काही बोलत नाही.
एक खुर्ची ओढून देतं फक्त,
अगदी चिकटून नाही, जरा लांब,
काट्यांना जागा सोडून.

एवढंच. मी तीनदा मागे नेलं.
"आजी, पुढे जाऊ दे ना," ज्यूनिपर वैतागली.

रात्री झोप लागेना, तेव्हा कळलं.
अंगठा उशिरा पडला, पण डोळे तर उघडे होते त्यांचे.
जाहिरात संपली होती, ते समोरच बसले होते.
आपल्या घरात ते अकरा सेकंद
फक्त त्यांनी बघितले होते.
दार उघडं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं.
कुणालातरी उठावं लागलं होतं, हेही.
आणि आपण विचारायचो तेव्हा
दर वर्षी पेपर जरा वर धरायचे.

मी त्यांना माफ करायला सांगत नाहीये.
मला स्वतःलाच अजून नीट जमलेलं नाही.
टेबल सात जणांचं मांडलंय,
तुझी खुर्ची टोकाला, हीटरजवळ, जरा लांब.
आम्ही दोनला बसतो.
डोंगराच्या उतारावर रात्रीच बर्फ गोठलाय.
टायर बघून निघ.